दप्तरांतले मुके साक्षीदार

नाशिकची ख्याति तीर्थक्षेत्र म्हणून आहे, द्राक्षांसाठीं आहे आणि आतां कारखान्यांसाठींहि आहे. परंतु सरकारी दप्तर या संस्थेचा एक फार जुना उल्लेख आपल्याच गांवाजवळच्या डोंगरावर दगडांत कोरलेला आहे, ही गोष्ट नाशिककरांच्या घरांतूनहि फारशी बोलली जात नाहीं. पांडवलेण्यांपैकीं दहाव्या लेण्यांत क्षत्रप नहपानाचा जांवई उषवदात याच्या देणगीचा लेख आहे. त्यानें तीन हजार कार्षापण गोवर्धन येथील कोष्ट्यांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेविले. दोन हजार दरमहा दरशेंकडा एक व्याजानें आणि एक हजार दरमहा दरशेंकडा पाऊण व्याजानें. मुद्दल मोडावयाचें नाहीं, व्याज तेवढें खर्चावयाचें. दोन हजारांचें वर्षाचें व्याज दोनशें चाळीस होतें. आणि लेख सांगतो कीं, लेण्यांत वर्षावास करणाऱ्या वीस भिक्षूंस प्रत्येकीं बारा कार्षापण चीवरासाठीं द्यावे. शाळेंतल्या मुलानें ताळा करून पाहावा, हिशेब बरोबर जुळतो. शेवटीं असें नमूद आहे कीं, हें सर्व निगमसभेंत वाचून दाखविलें आणि रीतीप्रमाणें नोंदणीच्या फलकावर चढविलें. त्या श्रेणी गेल्या, तो फलकहि गेला. दगडावरची नक्कल तेवढी राहिली, म्हणून सुमारें एकोणीसशें वर्षांनंतर तो हिशेब आपण तपासूं शकतों.

पत्र, मुद्रा आणि चित्र हीं तिन्हीं मूळांत एकाच कामासाठीं जन्मलीं आहेत. मनुष्य स्वतः हजर नसतां त्याचें म्हणणें, त्याची मालकी किंवा त्याचा चेहरा दुसऱ्यापुढें उभा करावयाचा, हें तें काम. या दृष्टीनें पुराभिलेखागारांतील प्रत्येक कागद हा एक साक्षीदारच होय. परंतु साक्षीदार पिंजऱ्यांत उभा राहिला म्हणजे त्याला पहिल्यानें नांव विचारतात. ज्याचें नांव हरपलें तो समोर असूनहि मुकाच. पेन्शन घेतल्यापासून आम्ही सवडीप्रमाणें पुण्या-मुंबईच्या सरकारी दप्तरांत बसून येतों. तेथें जें पाहिलें आणि शिकलों, त्यावरून आपापल्या घरांतील कागदांविषयीं वाचकांशीं चार शब्द बोलावे, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम पत्रांचें पाहूं. पांडवलेण्यांतच, तिसऱ्या लेण्यांत, गौतमीपुत्र सातकर्णि राजाचीं दोन आज्ञापत्रें कोरलेलीं आहेत. पहिलें त्याच्या राज्याच्या अठराव्या वर्षाचें असून गोवर्धनच्या विष्णुपालित नामक अमात्यास उद्देशून आहे. आजवर उषवदाताच्या भोगवट्यांत असलेलें दोनशें निवर्तनें शेत त्रिरश्मि पर्वतावरील भिक्षूंस द्यावें, अशी त्यांत आज्ञा आहे. आज्ञा तोंडी झाली आणि ती शिवगुप्त अमात्यानें लिहिली, हेंहि त्यांत नमूद केलें आहे. दुसरें पत्र चोविसाव्या वर्षाचें. तें गोवर्धनच्याच श्यामक अमात्यास राजा आणि राजमाता या दोघांच्या नांवें गेलें आहे. पूर्वीं दिलेलें शेत कसलें जात नाहीं, तें गांवहि वसलेलें नाहीं. तरी नगराच्या सीमेवरील सरकारी शेतांपैकीं शंभर निवर्तनें त्या भिक्षूंस द्यावीं, असा मजकूर आहे. देणगी झाली, ती निरुपयोगी ठरली, तक्रार गेली आणि सहा वर्षांनीं दुरुस्ती झाली! मामलेदार कचेरींत ज्यांनीं खेटे घातले आहेत त्यांना हा पत्रव्यवहार मुळींच परका वाटणार नाहीं. राजाच्या पराक्रमाचीं वर्णनें पुष्कळ मिळतात; त्याचा कारभार कसा चालत होता, हें मात्र अशा रुक्ष पत्रांतूनच समजतें.

या दगडी पत्रांचे कागदी वंशज पुण्याच्या पुरालेखागारांत आहेत. त्यास लोक अद्याप पेशवे दप्तर असेंच म्हणतात. १८१८ सालीं पेशवाई गेली आणि हे कागद इंग्रजांच्या ताब्यांत आले. ते जपले गेले याचें कारण इतिहासप्रेम नव्हे, तर जमिनीचा महसूल होय. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनला अधिकार मिळाले. कोणतें इनाम कोणत्या सनदेनें चालतें हें तपासण्यासाठीं दप्तराची झडती सुरू झाली. ज्याच्या घरीं सनद होती आणि दप्तरांतल्या नोंदीशीं ती जुळली, तो निभावला. ज्याची सनद वाळवीनें खाल्ली, त्याच्या तोंडी परंपरेला फारशी किंमत उरली नाहीं. या दप्तरासाठीं १८९१ सालीं स्वतंत्र इमारत झाली. पुढें रियासतकार गोविंद सखाराम सरदेसाई यांनीं त्यांतील निवडक कागद १९३० ते १९३४ या काळांत पंचेचाळीस भागांत प्रसिद्ध केले. त्याच्याहि आधीं इतिहासाचार्य राजवाडे यांनीं वाईस मिळालेल्या पत्रांवरून आपला पहिला खंड १८९८ सालीं काढला होता. आमच्याच पेशाचे वासुदेवशास्त्री खरे यांनीं मिरजेस शिक्षकी करतां करतां पटवर्धनांच्या दप्तरांतून ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. त्यांनीं वेळ कोठून काढला असेल, हा प्रश्न कोणत्याहि शिक्षकाच्या मनांत आल्याशिवाय राहत नाहीं.

नाशिककरांस आपलीशी वाटावी अशीहि एक पत्रलेखिका या काळांत होऊन गेली. नानासाहेब पेशव्यांची पत्नी गोपिकाबाई उत्तरवयांत नाशिकजवळ गंगापुरास राहत होती. १७८८ सालीं तिचा अंत झाला. नातू सवाई माधवराव यास तिनें लिहिलेलें उपदेशाचें पत्र प्रसिद्ध आहे. बाळपणींच गादीवर आलेल्या मुलानें दिवस कसा घालवावा आणि धन्यानें कसें वागावें, हें आजीनें दुरून समजावून सांगितलें आहे. पति, तीन मुलगे आणि राज्याचें वैभव यांचा वियोग सोसलेल्या त्या बाईचा स्वभाव आपणांस जो कांहीं कळतो, तो बखरकारांच्या अभिप्रायापेक्षां तिच्या पत्रांतून अधिक कळतो.

अशीं पत्रें वाचावयास बसणाऱ्यापुढें दोन अडचणी येतात. पहिली लिपीची. जुना व्यवहार बहुतेक सर्व मोडींत आहे, आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शाळांतून उठली. दुसरी कालाची. पुष्कळ पत्रांवर साल नसतें. ‘छ’ हें अक्षर आणि त्यापुढें मुसलमानी महिन्याची तारीख एवढेंच असतें. हा ‘छ’ म्हणजे चंद्र. साल असेल तर तें बहुधा शुहूर सन असतें, आणि तेंहि अरबी संख्याशब्दांनीं लिहिलेलें. त्यांत पांचशें नव्याण्णव किंवा सहाशें मिळविले म्हणजे इसवी सन निघतो. शकांत अठ्ठ्याहत्तर किंवा एकोणऐंशी मिळवावे लागतात. हें अवघड नाहीं. पुराभिलेख खात्यातर्फें मोडीचे वर्ग आणि परीक्षा होत आल्या आहेत, आणि २०१४ सालापासून संगणकाच्या युनिकोड वर्णसंचांतहि मोडीला स्थान मिळालें आहे. लिपि यंत्रांत गेली ही आनंदाची गोष्ट. ती वाचणारीं माणसें मात्र घरोघरीं कमी होत चाललीं आहेत.

आतां मुद्रेकडे वळूं. पत्राचा मजकूर संपला कीं तेथें ‘लेखनसीमा’ दर्शविणारी लहान मुद्रा उठवीत, ती शोभेसाठीं नव्हे. मागाहून कोणी एखादी ओळ घुसडूं नये म्हणून. ज्यांना लिहितां येत नसे त्यांचीहि सोय होती. गांवच्या महजरावर कुणब्याची निशाणी नांगर, न्हाव्याची आरसा, परटाची मोगरी अशा खुणा काढीत. आपल्या हातचें हत्यार हीच ज्याची त्याची सही! हातानें काढलेला तो लहानसा नांगर कागदावर पाहिला म्हणजे एका निरक्षर माणसाचा शब्द पंचायतींत किती जपून धरला जात असे, हें ध्यानांत येतें.

खुणेवर खूण उमटविण्याचें एक विलक्षण उदाहरण नाशिक जिल्ह्यांतच सांपडलें. १९०६ सालीं जोगलटेंभी येथें नहपानाच्या रुप्याच्या नाण्यांचा तेरा हजारांहून अधिक नाण्यांचा सांठा मिळाला. त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपलीं चिन्हें पुनः ठोकलीं होतीं. एका बाजूस तीन कमानींचा पर्वत आणि दुसऱ्या बाजूस उज्जयिनीचें म्हणून ओळखलें जाणारें चिन्ह. नाणें वितळविण्याचे श्रम न करतां त्यानें केवळ ठशानें राज्य बदलल्याचें बाजारास कळविलें. जुना ठसा पुरता पुसला गेला नाहीं म्हणून कोण आधीं व कोण मागाहून, हा वादहि मिटला.

व्यापाऱ्यांचे छाप हे याच कुळांतले. कापडाच्या ठाणावर देवादिकांचीं किंवा प्राण्यांचीं रंगीत चित्रें चिकटविलेलीं असत. आमच्या वडील पिढीला तीं चांगलीं आठवत. गिऱ्हाइकाला गिरणीचें नांव वाचतां येत नसे, पण ‘घोडा छाप’ कीं ‘वाघ छाप’ हें तें बरोबर सांगे. छाप चोरणें म्हणजे नांव चोरणें, हें कायद्यालाहि लवकरच मान्य करावें लागलें. इंग्लंडांत व्यापारचिन्हांच्या नोंदणीचा कायदा १८७५ सालीं झाला, आणि १ जानेवारी १८७६ पासून चढलेल्या नोंदींत एका मद्याच्या कारखान्याचा लाल त्रिकोण पहिला ठरला. आपल्याकडे १८८९ सालीं मालावरील खोट्या खुणांस आळा घालणारा कायदा आला. परंतु चिन्हाची रीतसर नोंदणी १९४० च्या कायद्यानें ठरली व ती १९४२ पासून अमलांत आली. तोंवर व्यापारी दस्त-नोंदणीच्या कचेरींत ‘अमुक चिन्ह आमचें आहे’ असें प्रतिज्ञापत्र नोंदवून ठेवीत. आज हीं प्रतिज्ञापत्रें, चिठ्ठ्या आणि त्यांवरून झालेले खटले चाळले, तर त्या काळीं लोक काय नेसत, काय खात आणि कोणत्या देवाच्या चित्रावर विश्वास ठेवीत, याचा जणूं एक कोशच हातीं येतो.

छायाचित्रांची गोष्ट निराळी आहे, आणि आमच्या मतें ती अधिक दुःखाची आहे. १८३९ सालीं युरोपांत ही विद्या जाहीर झाली. १८५४ सालीं मुंबईस छायाचित्रकारांची संस्था निघाली, आणि डॉ. भाऊ दाजींचे बंधु डॉ. नारायण दाजी यांच्यासारखे आपले लोकहि त्या कलेंत लागले. विल्यम जॉन्सन यानें मुंबईंतल्या निरनिराळ्या लोकांच्या चित्रांचें पुस्तक १८६३ ते १८६६ च्या दरम्यान दोन भागांत काढलें. त्यांत माणसें एका ठिकाणचीं आणि पार्श्वभूमि दुसऱ्याच ठिकाणची, अशीं जोडचित्रें आहेत. चेहरे स्वच्छ आहेत, पागोट्याचा पीळसुद्धां मोजतां येतो. परंतु खालीं बहुधा जातीचें किंवा धंद्याचें नांव. कोण ही व्यक्ति, कोणाचा मुलगा, कोणाची आई, याचा पत्ता नाहीं. १८६८ ते १८७५ पर्यंत सरकारनें काढलेल्या ‘पीपल ऑफ इंडिया’च्या आठ भागांतहि बहुतेक तोच प्रकार. त्या निशाणीच्या नांगरामागें निदान पाटलाचें नांव तरी असे. येथें सबंध चेहरा आहे, आणि नांव नाहीं.

सरकारनें माणसांस नमुना केलें असें म्हणून आपण नाक मुरडूं; पण आपल्या घरच्या भिंतीवर काय आहे? मौजीबंधनाचें किंवा सहस्रचंद्रदर्शनाचें समूहचित्र काढून त्यामागचा पुठ्ठा पाहावा. तेथें छायाचित्रकाराचें नांव सोनेरी अक्षरांत असतें आणि आपल्या पणजीचें नसतें.

दादासाहेब फाळके यांचें चरित्र या ठिकाणीं आठवतें. त्यांचा जन्म १८७० सालीं त्र्यंबकेश्वरीं झाला. पुराणवस्तु खात्यांत त्यांनीं छायाचित्रकाराचें काम केलें, पुढें ठसे आणि रंगीत छपाई यांचा व्यवसाय केला, रविवर्म्यांच्या छापखान्यासाठींहि ते राबले. १९१३ सालीं ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आणल्यावर ते नाशिकास आले आणि १९४४ सालीं येथेंच वारले. छायाचित्र, ठसा आणि मुद्रण हीं तिन्हीं ज्या एका पुरुषाच्या हातीं होतीं, त्याच्या चित्रपटांपैकीं बहुतेक नष्ट झाले. १९६४ सालीं पुण्यास राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय निघालें, तेथें त्यांचे अवशेष तेवढे जमा होऊं शकले. फाळक्यांचें स्मारक पांडवलेण्यांच्या पायथ्याशीं आहे. वर डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वींचा जमाखर्च शाबूत आहे, आणि खालीं ज्याचें स्मारक, त्याचें शंभर वर्षांपूर्वींचें काम तुकड्यांनीं उरलें आहे. टिकतें तें जुनें असतें म्हणून नव्हे. कोणीतरी टिकविण्याची तजवीज केलेली असते म्हणून.

घरांतले कागद ओळखण्यासाठीं पंडित व्हावें लागत नाहीं. पत्र, ठसा आणि चित्र एकमेकांशेजारीं ठेवलीं म्हणजे तीं एकमेकांस बोलतें करतात. एक पैशाचें पोस्टकार्ड आपल्याकडे १ जुलै १८७९ पासून निघालें. तेव्हां कार्डावरचें पत्र त्यापूर्वींचें असूं शकत नाहीं. तिकिटावर सातव्या एडवर्डचें चित्र असेल तर तें १९०२ नंतरचें, पांचव्या जॉर्जचें असेल तर १९११ नंतरचें, सहाव्याचें असेल तर १९३७ नंतरचें. आपल्या नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ सालीं निघाला; त्यापूर्वीं अनेक दशकें तिकिटें लंडनहून छापून येत. छायाचित्राच्या पुठ्ठ्यावर छायाचित्रकाराचा पत्ता असतो, जाहिरातींत त्याचें साल सांपडतें. पत्रांत ‘कालच चित्र काढविलें’ असा एखादा उल्लेख असला, तर काम फत्ते.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. घर जें ठेवील त्याहून सरकारी दप्तर निराळें ठेवतें. २ मार्च १९३० रोजीं डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखालीं नाशिकांत काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि पुढें कित्येक वर्षें चालला. बंद दरवाजाच्या आंतल्या बाजूस आपल्यापैकीं पुष्कळांचे आजे-पणजे होते. त्यांच्या घरच्या पेटींत याविषयीं फारसें मिळणार नाहीं. सरकारी व पोलिसी कागद मात्र राहिले, आणि डॉ. आंबेडकरांच्या चळवळीच्या साधनांचा पहिला खंड महाराष्ट्र शासनानें १९८२ सालीं प्रसिद्ध केला. दप्तर हें कोणाचे गुण गाण्यासाठीं नसतें. जें आपल्या पूर्वजांस भूषणावह नाहीं तेंहि जपून ठेवणें, हेंच त्याचें मोठें मूल्य. घरचे कागद निवडतांना हीच कसोटी लावावी. भांडणाचें पत्र, कर्जरोखा, विधवा आत्याची पोटगीची मागणी हीं फाडून फक्त मानपत्रें ठेवूं नयेत.

हें लिहिण्याची निकड आहे. जुन्या नाशिकांतले आणि पंचवटींतले वाडे एकामागून एक उतरत आहेत. वाडा उतरतो तेव्हां तुळया, कडीपाट, तांब्याचीं घंगाळें यांचें वजन होतें व वांटणी होते. माळ्यावरची पेटी मात्र रद्दींत जाते. एकत्र कुटुंबांत ‘ती पेटी थोरल्या घराची’ म्हणून धाकटे हात लावीत नाहींत, आणि थोरल्यांस सवड नसते. त्या मधल्या काळांत चेहरे ओळखणारें शेवटचें माणूस निघून जातें.

म्हणून वाचकांस, विशेषतः घरांतल्या सुनामुलींस, आमचें सांगणें इतकेंच. येत्या सुटींत घरांतल्या सर्वांत वृद्ध व्यक्तीजवळ जुनीं चित्रें घेऊन बसावें आणि प्रत्येक चेहऱ्याचें नांव विचारावें. तें मऊ शिसपेन्सिलीनें पाठीमागें हलक्या हातानें लिहावें; बॉलपेन वापरूं नये, शाई पुढें उमटते. फाटल्या कागदाला चिकटपट्टी लावूं नये, त्यावर प्लास्टिकचें आवरण चढवूं नये. स्वच्छ सुती कापडांत बांधून, वेखंडाचा तुकडा घालून, कोरड्या जागीं ठेवावें. जुने लोक पोथ्यांना खारव्याचें बासन घालीत तें उगीच नव्हे. मोबाइलवर प्रत्येक कागदाचें चित्र घ्यावें, पण मूळ कागद टाकूं नये. नाशिक-त्र्यंबकच्या आपल्या क्षेत्रोपाध्यायांकडील वहींत पूर्वजांनीं स्वहस्तें लिहिलेल्या नोंदी आहेत, त्या पाहून वंशावळ ताडून घ्यावी. घरीं सांभाळ होत नसेल तर संस्थांचा आधार घ्यावा. नाशिकचें सार्वजनिक वाचनालय १८४० पासूनचें आहे, पुण्याचें भारत इतिहास संशोधक मंडळ १९१० पासूनचें आणि धुळ्याचें राजवाडे संशोधन मंडळ १९२७ पासूनचें. त्यांच्याकडे विचारपूस करावी.

नांवें लिहितांना स्त्रियांचीं माहेरचीं आणि सासरचीं अशीं दोन्हीं लिहावीं. लग्नांत नांव बदललें कीं दोन घरांच्या कागदांतला दुवा तुटतो, आणि एकच बाई एका घरच्या पत्रांत कन्या म्हणून आणि दुसऱ्या घरच्या चित्रांत ‘काकू’ म्हणून, अशी कायमची दुभंगून राहते. यांत नवें कांहींच नाहीं. ज्या राजानें नहपानाच्या नाण्यांवर आपला ठसा मारला, तो स्वतःस गौतमीचा पुत्र म्हणवीत असे. आणि त्या मातेचें गौतमी बलश्री हें नांव तिच्या नातवाच्या राजवटींत तिसऱ्या लेण्यांत स्पष्ट अक्षरांनीं कोरलें गेलें. आपल्या घरीं डोंगर कोरण्याची गरज नाहीं. एक पेन्सिल आणि एक दुपार पुरे.